बयाण्याची वही

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चांदीपच्या आसपासच्या पाड्यांवर गाठोडी बांधायला घेतली असतील. वसई तालुक्याच्या या पूर्व पट्ट्यात भात कापून झोडून झालं की अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्टीची वाट धरतात. गोधड्या, भांडी, टोपलीखाली कोंबड्या, वर बसलेली पोरं. टेम्पो वळणाआड गेला की पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी उरतात. बयाणा त्याआधीच उचललेला असतो, कुणी गणपतीत, कुणी आजारपणात, कुणी मुलीच्या लग्नात.

कामगार चळवळीचा आढावा लिहायचा म्हटला की मराठी लेखणी सवयीने गिरणगावाकडे वळते. ते चूक नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. माझी तक्रार एवढीच, की भोंगा बंद पडला तिथेच आपण गोष्ट संपवतो. त्याच १९८२ साली याच वसई तालुक्यात एक संघटना उभी राहत होती. तिच्या सभासदांनी गिरणीचं फाटक कधी पाहिलं नव्हतं.

ती का उभी राहिली हे कळायला आधी लग्नगडी कोण ते सांगायला हवं. जुन्या ठाणे जिल्ह्यातला हा शब्द. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. हिशोब सावकाराच्या वहीत, वही सावकाराच्या पेटीत. पावसाळ्यात पोटासाठी खावटी घेतली की आकडा आणखी वाढे. पैसे ‘अंगावर’ असतात असं आपण म्हणतो, ते इथे अगदी शब्दशः खरं होतं. बाप मेला की ते मुलाच्या अंगावर येत.

याविरुद्धची पहिली मोठी उठावणी उत्तरेकडे, उंबरगाव-डहाणूच्या जंगलात झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला गेलेले मूठभर वारली परतले ते ‘आमच्याकडे या’ असं आमंत्रण देऊन. मे महिन्यात झरी गावात सभा भरली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तिथे मांडलेली गोष्ट साधी होती. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मजुरी रोख घ्यायची. दिवाळीच्या सुमाराला गवत कापणीचा हंगाम असतो. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही, असं वारल्यांनी ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. संप मात्र मोडला नाही. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पुस्तक गाजलं आणि संप पुस्तकातच राहिला, असं मला कधीकधी वाटतं.

इथे जरा दूरचा फेरफटका मारतो. जपानची कामगार चळवळ म्हटलं की अमेरिकेत राहून परतलेले ताकानो फुसातारो आणि त्यांनी १८९७ मध्ये संघटना उभारणीसाठी काढलेलं मंडळ यांची नावं निघतात. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, १८८६ मध्ये, कोफू शहरातल्या रेशीम गिरणीतल्या मुलींनी काम बंद पाडलं होतं. पुढच्या काळात अशा गिरण्यांमध्ये येणाऱ्या कितीतरी मुली शेतकऱ्यांच्या. मुलगी गिरणीत पाठवताना बाप आगाऊ रक्कम घ्यायचा, ती फिटेपर्यंत मुलगी वसतिगृहाच्या भिंतीआड. नाव जपानी, चाल आपल्या बयाण्याचीच. डिसेंबर १९४५ मध्ये, तलवाड्यानंतर दोनच महिन्यांनी, जपानमध्ये संघटनेच्या हक्काचा कायदा झाला. १९४७ च्या श्रमकायद्याने तर सतराव्या कलमात लिहूनच टाकलं, की काम करण्याच्या अटीवर दिलेली उचल मजुरीतून कापायची नाही. एका ओळीचं कलम, पण त्याने वहीची डावी बाजू उजवीपासून तोडली.

आपल्याकडे ते व्हायला १९७५ चा वटहुकूम आणि १९७६ चा वेठबिगार मुक्ती कायदा यावा लागला. हा कायदा मला त्याच्या धाडसासाठी आवडतो. कर्ज कमी करा, हप्ते बांधा असलं काही तो सांगत नाही. वेठीचं कर्ज नाहीसं झालं, एवढंच म्हणतो. शिवाय कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकतो. फक्त हे पाड्यावर कुणी जाऊन सांगितलं नव्हतं.

राष्ट्र सेवा दलातून आलेले विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित वसईच्या या भागात राहायला आले, ते विधायक संसद या संस्थेचं काम घेऊन. तालुक्यातल्या दहिसर गावच्या (मुंबईच्या उपनगराशी याचा संबंध नाही) वेठबिगारांपासून सुरुवात झाली आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. उसगाव हे तिचं केंद्र झालं. कारखाना नाही, हजेरीपट नाही, तरी ही कामगार संघटनाच. तिचं हत्यार संप नव्हे, अर्ज होता. वेठबिगाराने तहसीलदारासमोर उभं राहून ‘मी अमक्याकडे इतकी वर्षं राबतो’ असं सांगायचं, जबाब नोंदवायचा आणि मुक्तीचा दाखला घेऊन बाहेर पडायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. ज्याच्या ओसरीवर आपण चप्पल काढून उभे राहतो, त्याचं नाव सरकारी कागदावर घ्यायला काय लागतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे वेठच, असा निकाल दिला. पंडित दांपत्याला १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. विवेक पंडित २००९ मध्ये वसईतून अपक्ष आमदार झाले. संघटनेचा माणूस विधानसभेत गेल्यावर संघटनेचं काय होतं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आज तो विषय नाही.

मुक्तीनंतर काय, हा खरा अवघड भाग. १९७८ च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनाचे चार हजार रुपये होते, २०१६ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ते एक लाख झाले. पण पैसे मिळेपर्यंत चूल पेटायची असते. जमीन नाही, पावसाळ्यानंतर रोजगार नाही, म्हणून सुटलेला माणूस पुन्हा बयाणा घेतो. लग्नगडी गेला, वीटभट्टी आली. म्हणूनच भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने तिथेच, भट्टीच्या खोपटांजवळ, ‘भोंगा शाळा’ काढल्या. ही शाळा मला संघटनेच्या कोणत्याही मोर्च्याइतकीच महत्त्वाची वाटते. कारण वहीच्या आत आहे.

गेल्या मे महिन्यात एका भट्टीवर हिशोबाच्या दिवशी मी होतो. राखेचा करडा थर सगळ्यांच्या पायांवर. माणूस चिखल तुडवतो, बाई साच्यातून वीट पाडते, पोरं कच्च्या विटा उलटून वाळवतात. वहीत मात्र नाव एकट्या पुरुषाचं. मुकादमाने बयाणा वाचला, मग आठवड्याची खर्ची, मग विटा. शेवटी म्हणाला, ‘अंगावर राहिले अडीच हजार.’ नवऱ्याने मान हलवली. बायकोने पदराखालून दुमडलेली चाळीस पानी वही काढली. त्यात दर आठवड्याची खर्ची पेन्सिलीने लिहिलेली, अक्षर चौथीतल्या पोराचं.

‘दादा, होळीची खर्ची तुम्ही दोनदा धरली,’ ती म्हणाली.

मुकादमाने चष्मा लावला आणि पान मागे उलटलं.