बर्फ विरघळला की वितळला?

सातवीच्या एका वर्गात मी मुलांना एक साधा प्रश्न लिहायला दिला होता. टेबलावर एका बशीत बर्फाचा खडा ठेवला, शेजारी पाण्याच्या पेल्यात चमचाभर साखर टाकली. थोड्या वेळाने दोन्हीकडे काय झाले ते दोन वाक्यांत लिहायचे, एवढेच. बहुतेक वह्यांत उत्तर आले, 'बर्फ विरघळला. साखर विरघळली.' वर्गशिक्षकांनी पहिल्या वाक्यातील 'विरघळला'वर लाल रेघ मारून वर 'वितळला' असे लिहिले आणि तो शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगितले. मुलांनी तो लिहून आणलाही. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांतल्या कित्येकांचा बर्फ पुन्हा विरघळलेला होता.

या मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्या घरात आइस्क्रीम विरघळते, फ्रिजबाहेर राहिलेले लोणी विरघळते, रागावलेली आजी नातवाचे तोंड पाहून विरघळते. बोलीतला हा शब्द 'घट्टपणा जाणे' एवढाच अर्थ सांगतो आणि घरच्या व्यवहाराला तो पुरतो. वितळणे आणि विरघळणे यांत काटेकोर फरक केला तो विज्ञानाने, कारण त्याला दोन वेगळ्या घटना वेगळ्या ठेवायच्या होत्या. बर्फ वितळतो तेव्हा पदार्थ एकच असतो. त्याला उष्णता मिळते आणि स्थायूचा द्रव होतो. साखर विरघळते तेव्हा पदार्थ दोन असतात. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये पांगतात. उकळत्या चहाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि साखर वितळायला सुमारे १८५ अंश लागतात. म्हणजे चहात साखर वितळणे शक्यच नाही. ती वितळलेली पाहायची असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर ठेवावी लागते. तिथे ती पातळ होते आणि तांबूसही होऊ लागते. लाल रेघेने शब्द बदलला, पण यातले काहीच त्या मुलांपर्यंत पोहोचले नाही.

विज्ञानाच्या वर्गातले अवघड शब्द कोणते, असे विचारले तर आपण 'प्रकाशसंश्लेषण', 'ऊर्ध्वपातन' अशी लांबलचक नावे सांगतो. माझा अनुभव उलटा आहे. हे शब्द अनोळखी आहेत हे मुलाला दिसतच असते, त्यामुळे ते थबकते, विचारते. खरा घोटाळा ओळखीच्या शब्दांचा. 'वजन', 'शक्ती', 'क्षार', 'कार्य' हे शब्द मुलाने शाळेत येण्याआधीच ऐकलेले असतात, आणि म्हणून पुस्तकात ते वेगळ्या अर्थाने आले आहेत याची शंकासुद्धा त्याला येत नाही. भाजीवाला वजन किलोत सांगतो, पुस्तक न्यूटनमध्ये. बादलीवर साचलेल्या पांढऱ्या थराला घरात क्षार म्हणतात. पुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जो पदार्थ तयार होतो तो क्षार, आणि जेवणातले मीठही त्यात आले.

'कार्य' या शब्दावर तर थोडे थांबायलाच हवे. घरात कार्य निघाले म्हणजे लग्न-मुंज. भौतिकीत कार्य म्हणजे बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. फलाटावर डोक्यावर बॅग घेऊन अर्धा तास स्थिर उभ्या असलेल्या हमालाने बॅगेवर केलेले कार्य शून्य, असे आपण फळ्यावर लिहितो. एखादी मुलगी उठून विचारते, 'मग तो दमतो कशाने?' हा प्रश्न 'व्याख्या नीट वाच' म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. स्नायूंतील तंतू भार पेलताना सतत आकुंचन पावत आणि सैल होत असतात. तिथे आतल्या आत ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. बॅग हलत नाही म्हणून बॅगेवरचे कार्य शून्य, पण हमालाची ऊर्जा मात्र खर्च होते. रोजचा अर्थ आणि पुस्तकाचा अर्थ शेजारी ठेवला म्हणूनच ही गोष्ट उघड झाली. रोजचा अर्थ चूक म्हणून पुसून टाकला असता तर त्या मुलीने व्याख्या पाठ केली असती आणि मनात ठरवून टाकले असते की विज्ञान आपल्यासाठी नाही. अशी किती मुले आपण गमावतो याचा हिशेब गुणपत्रिकेत दिसत नाही.

लांब शब्दांचे काम त्या मानाने सोपे, कारण ते उलगडता येतात. 'बाष्पीभवन' वाचून एका मुलाने मला विचारले होते की ही कुठली इमारत. त्याचे काय चुकले? गावात मंगल भवन असते, पंचायतीचे भवन असते. भवन म्हणजे 'होणे' असाही अर्थ आहे, आणि मधली 'ई' सांगते की जे आधी तसे नव्हते ते तसे झाले. बाष्प नव्हते ते बाष्प झाले. भवन असेल तर आपोआप होणे, करण असेल तर कोणी तरी करणे, हे एकदा कळले की शुद्धीकरण, ध्रुवीकरण हे शब्द मुले स्वतःच फोडू लागतात. 'आम्लारी'तला अरी म्हणजे शत्रू, मुरारीतलाच तो. पाच मिनिटांचे काम आहे हे, आणि मराठीचा तास व विज्ञानाचा तास यांच्यातली भिंत त्याने थोडी खाली येते.

आता वाचनाबद्दल. 'आमच्या मुलांना वाचता येते, पण समजत नाही' ही तक्रार मी अनेक शाळांत ऐकली आहे. अमेरिकेत १९८८ साली रेश्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी होती आणि न जाणणारीही. मजकूर समजणे आणि लक्षात राहणे यांत खेळाच्या माहितीचा वाटा वाचनकौशल्यापेक्षा मोठा ठरला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचे वर्णन देऊन पाहा. शेवटच्या बाकावरचा मुलगा कोणाला ऐकणार नाही. म्हणून धडा वाचायला देण्याआधी वस्तू दाखवावी, बर्फ हातात द्यावा, पाणी आटवून भांड्याच्या तळाशी मीठ उरलेले पाहू द्यावे. मग तोच परिच्छेद मुलांना सोपा जातो.

आणि लेखन? आपल्या वर्गांत लेखन म्हणजे बहुधा फळ्यावरून उतरवून घेणे. हात चालतो, डोके विश्रांती घेते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा न पाहता आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने मात्र आकडे फिरले: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ५६ वर राहिले. पुढे शाळकरी मुलांबरोबरही असे प्रयोग झाले आणि आठवून लिहिण्याचा फायदा तिथेही दिसला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलाला सगळे येते असे का वाटते, आणि महिन्याने काहीच का उरत नाही, हे यावरून लक्षात यावे.

त्या सातवीच्या वर्गात आम्ही मग एक गोष्ट सुरू केली. तास संपायला पाच मिनिटे असताना पुस्तक मिटायचे आणि त्या दिवसाच्या एकाच शब्दावर दोन वाक्ये लिहायची. एक घरातले, एक प्रयोगातले. शुद्धलेखनाला लाल शाई लावायची नाही, शिक्षकांनी फक्त एक प्रश्न समासात लिहायचा. साठ मुलांच्या वर्गात रोज सगळ्या वह्या तपासणे अशक्य, हे मला मान्य आहे. आम्ही रोज दहाच तपासत होतो; बाकीची मुले शेजाऱ्याला वाचून दाखवत. पहिले पंधरा दिवस बहुतेक वाक्ये पुस्तकातलीच येत होती, हेही सांगितले पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने लिहिले: 'बशीतल्या बर्फाचे पाणी झाले पण त्यात दुसरे काही मिसळले नाही म्हणून तो वितळला. साखर पाण्यात गेली, पाणी आटवले तर परत मिळेल, म्हणून ती विरघळली.' खाली तिचाच प्रश्न होता: 'मग आइस्क्रीमचे काय? त्यात तर बर्फ पण आहे आणि साखर पण.'

वर्गशिक्षक आणि मी दोघेही थोडा वेळ गप्प होतो. आइस्क्रीममध्ये साखर आधीच पाण्यात विरघळलेली असते आणि त्या पाकात बर्फाचे बारीक स्फटिक असतात. बाहेर ठेवल्यावर स्फटिक वितळतात आणि ते पाणी पाकात मिसळत जाते. दुसऱ्या दिवशीचा तास त्यावरच घेतला.