जुन्या लॅपटॉपचं घड्याळ सारखं मागे जातंय? मदरबोर्डवर खर्च करण्याआधी हे वाचा

लॅपटॉप सुरू केला. वायफाय लागलं. पण एकही वेबसाइट धड उघडत नाही. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. तीच साइट मोबाइलवर मात्र लगेच उघडते. मग कधीतरी स्क्रीनच्या कोपऱ्यात लक्ष जातं आणि कळतं, लॅपटॉपच्या हिशेबाने आज १ जानेवारी २०१५ आहे!

तारीख नीट केली की सगळं चालू होतं. पण लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, की पुन्हा २०१५.

मावळात याचा फटका नेमका नको तेव्हा बसतो. जून-जुलैमध्ये अकरावी, डिप्लोमा, इंजिनीअरिंगचे ऑनलाइन फॉर्म भरायचे असतात. त्याच दिवसांत लोणावळा-कामशेत पट्ट्यात पाऊस कोसळत असतो आणि लाइटचा भरवसा नसतो. घरात दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप असतो, त्यावर फॉर्म उघडत नाही आणि शेवटची तारीख तोंडावर आलेली असते. अशात कुणीतरी सांगतं, "मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या."

तसं असूही शकतं. पण ही लक्षणं असतील तर बहुतेक वेळा दोष एका नाण्याएवढ्या सेलचा असतो.

लॅपटॉपमध्ये बॅटऱ्या दोन असतात

एक मोठी, जी आपण चार्ज करतो. दुसरी छोटी, मदरबोर्डवर बसवलेली. तिला सीमॉस बॅटरी म्हणतात. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये हा 'सीआर २०३२' नावाचा सेल असतो. हे नाव म्हणजे त्याचं मापच आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. नवा सेल ३ व्होल्टचा असतो.

लॅपटॉप बंद असताना वेळ मोजत राहणं हे या सेलचं मुख्य काम. आत क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हेच चालतं. याला वीज इतकी कमी लागते की एक सेल कित्येक वर्षं पुरतो.

आता या दोन बॅटऱ्यांचं नातं बघा. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जर लावलेला असेल किंवा मोठ्या बॅटरीत जीव असेल, तर घड्याळ त्या विजेवर चालतं आणि छोट्या सेलला आराम मिळतो. मोठी बॅटरी मेली किंवा काढून ठेवली की सगळा भार छोट्यावर येतो. लॅपटॉप वर्षभर कपाटात पडून राहिला तरी तेच. म्हणून 'बॅटरी टिकत नाही' आणि 'घड्याळ चुकतं' या दोन तक्रारी जुन्या लॅपटॉपमध्ये अनेकदा पाठोपाठ येतात.

तारीख चुकली तर वेबसाइट का उघडत नाही?

प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध, असं त्यावर लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तपासतो, पण तपासताना तारीख बघतो लॅपटॉपच्या घड्याळातली.

पुणे-लोणावळा लोकलचा महिन्याचा पास आठवा. पास अगदी खरा आहे, पण टीसीच्या मते अजून २०१५ साल चालू आहे. तो म्हणणार, "हा पास तर अजून सुरूच झालेला नाही." ब्राउझरचं तेच होतं. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून तिथे अडत नाही.

असा इशारा आल्यावर 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लावून घेऊ नका. उद्या खरोखरच बँकेची बनावट साइट समोर आली, तरी हाच इशारा येईल आणि बोट सवयीने पुढे जाईल. आधी तारीख नीट करा, मग साइट उघडा.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

१. बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते: छोटा सेल संपलाय. सुरू होताना काळ्या स्क्रीनवर तारीख-वेळ सेट करायला सांगणारा संदेश येत असेल तर जवळपास खात्रीच.

२. जितका वेळ लॅपटॉप बंद होता, तितकंच घड्याळ मागे पडतं: सेल अशक्त झालाय. लवकरच पहिल्या प्रकारावर येणार.

३. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे: सेलला दोष देऊ नका. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. टाइम झोन चुकला असेल किंवा एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर असं होतं. विंडोज आतल्या घड्याळातली वेळ स्थानिक मानतं, लिनक्स बहुधा जागतिक.

४. वेळ दोन-पाच मिनिटंच इकडेतिकडे होते: इंटरनेटवरून वेळ जुळवणं बंद असेल.

शेवटच्या दोन प्रकारांत खर्च शून्य. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम' उघडा, झोन भारताचा करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. तारीख वर्षांनी मागे गेली असेल तर आधी हाताने बरोबर करा, कारण फरक फार मोठा असेल तर विंडोज तो आपोआप दुरुस्त करेलच असं नाही.

आजच फॉर्म भरायचाय आणि सेल आणायला वेळ नाही? तारीख हाताने लावा, चार्जर काढू नका आणि काम होईपर्यंत लॅपटॉप बंद करू नका. शक्य तिथे मधूनमधून 'सेव्ह' करा.

सेल बदलताना

सेलची किंमत फारशी नसते, पण लॅपटॉपमध्ये तो कधी साच्यात बसवलेला असतो, कधी दोन वायरींच्या छोट्या पिनसह येतो. काही नव्या मॉडेलमध्ये वेगळा सेल नसतोच. काहींत चार्ज होणारा सेल असतो, त्याच्या नावात 'एमएल' किंवा 'व्हीएल' अक्षरं असतात. त्याच्या जागी साधा सीआर सेल लावणं धोक्याचं आहे. म्हणून जुना सेल बघूनच नवा घ्या. गावात मिळाला नाही तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच.

दुरुस्तीला देण्याआधी दोन कामं करा. बायोसमधल्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढा, कारण सेल काढल्यावर त्या मूळ स्थितीला जाऊ शकतात. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर सेल बदलल्यावर लॅपटॉप की मागेल आणि आपला डेटा आपल्यालाच उघडता येणार नाही.

मोठ्या बॅटरीची तब्येत

ही तपासायला दुकानात जायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. तयार झालेल्या अहवालात दोन आकडे बघा: बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. पहिला ४०,००० आणि दुसरा १६,००० असेल तर ४० टक्केच उरलेत. मग बॅटरी लवकर संपते याचं नवल नको.

बॅटरी रोज शून्यावर नेऊन चार्ज केली की टिकते, हा जुना समज. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला त्याने उलट त्रासच होतो. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती वापरा. महिनोन्महिने बंद ठेवायचा असेल तर साधारण अर्धी बॅटरी ठेवून बंद करा. आणि गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू.

एक लक्षण मात्र अजिबात दुर्लक्ष करण्यासारखं नाही. टचपॅड वर आला, तळ फुगला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. दाबू नका, टोचू नका, 'आजचा फॉर्म भरून घेतो' म्हणून पुन्हा चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

लोणावळ्याची ओल

घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपाटातले कपडेही दमट होतात, तिथे लॅपटॉप कसा सुटेल? ओलीने सेलच्या पत्र्यांवर गंज चढू शकतो आणि सेल चांगला असूनही संपर्क तुटतो. सेल बदलूनही तारीख मागे जात असेल तर दुरुस्तीवाल्याला हे पत्रे बघायला सांगा. लॅपटॉप बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी तो चालू करा. भिजला तर चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नका. बंद ठेवून दुरुस्तीला न्या.

जुने सेल कुठे टाकायचे?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ओढ्यात तर नाहीच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा संकलनात द्या, आणि देईपर्यंत सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ठेवा.

तोपर्यंत तो सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि दुरुस्तीला गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: "सीमॉस सेलचा व्होल्टेज तपासलात का?" मल्टिमीटरने ही तपासणी लगेच होते. मदरबोर्डचं बोलणं त्यानंतर.