कात्री कोणाच्या हाती?

गेल्या रविवारी आमच्या घरी एक प्रसंग घडला. प्रसंग तसा साधाच. परंतु साध्या प्रसंगाच्या पोटातही कधी कधी समाजाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला असतो. म्हणून तो वाचकांपुढे मांडावासा वाटला.

आमची लेक नोकरी करते, स्वतःचे कमावते. तिचे केस आमच्या आईवर गेलेले. दाट, काळेभोर आणि कुरळे. त्या दिवशी तिने खिडकीजवळ आरसा टेकवला, खाली जुने वर्तमानपत्र अंथरले आणि कात्री घेऊन ती स्वतःच स्वतःचे केस कापायला बसली. आमच्या आईने वयाची ऐंशी ओलांडली आहे. ती खाटेवरून हे सारे पाहत होती. न राहवून ती म्हणाली, "आमच्या येळला न्हाव्याची कात्री आमच्या डोसक्याला शिवत नव्हती, म्हणून आमी घरात कापायचो. तुला आता कुणी आडीवलंय का बाई? पैसं हायती, दुकानं हायती. मंग घरात का कापतीस?"

लेकीने तेव्हा हसून विषय टाळला. पण आईचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

आई ज्या काळाबद्दल बोलत होती तो आम्ही लहानपणी पाहिला आहे. बलुतेदारीत न्हावी गावाचा होता, पण आमचा नव्हता. पाटलाच्या म्हशी भादरणारे हात माणसाच्या पोराच्या डोक्याला लागले की बाटत होते! म्हणून रविवारी सकाळी वडील आम्हा भावंडांना पालथ्या घमेल्यावर बसवीत, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतीत आणि शिंप्याकडून मागून आणलेल्या कात्रीने केस कापीत. ओले केस सरळ पडत तोवर सारे ठीक वाटे. केस वाळले की बटा वर उड्या मारीत आणि डोक्यावर पायऱ्या दिसू लागत. सोमवारी शाळेत पोरे विचारीत, "काय रे, उंदराने कुरतडले का?" वडिलांच्या हाताला दोष देण्याइतके आम्ही तेव्हा लहान होतो. दोष कोणाचा होता हे फार नंतर कळले.

हे एकट्या आमच्या घरचे दुःख नव्हते. प्रत्यक्ष बाबासाहेबांचे बालपणही यातून सुटले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी साताऱ्याच्या दिवसांची आठवण नोंदवली आहे. बाबासाहेबांचे आणि त्यांच्या भावांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. सराव करता करता ती त्या कामात चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, न्हाव्याला द्यायला घरात पैसे नव्हते असेही नाही. वडील सुभेदार होते. परंतु अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. ज्या मस्तकातून पुढे या देशाची राज्यघटना साकारली, त्या मस्तकावरचे केस कापायला या संस्कृतीला लाज वाटत होती! त्या थोरल्या बहिणीच्या हातातल्या कात्रीला आम्ही मनोमन वंदन करतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. न्हावी हा आपला शत्रू नव्हे. नाभिक बांधवही याच वर्णव्यवस्थेचे बळी. गावाची हजामत करून सुगीला पायलीभर धान्यासाठी त्यांनाही दारोदार उभे राहावे लागे. याच समाजाने इतिहासात एक तेजस्वी पान लिहिले आहे. १८९० साली सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्या वस्तऱ्याने बाईची विटंबना होत होती, तो वस्तरा त्यांनी स्वतःहून खाली ठेवला. हत्यार दोषी नसते. ते कोणाच्या हुकमाने चालते हे पाहायचे असते.

हा हुकूम बदलण्याचे काम बाबासाहेबांनी कायद्याने केले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. त्याच दिवशी दुकाने आणि सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमावरही चर्चा झाली. ‘दुकान’ शब्दात नेमके काय येते, असा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, हा शब्द संकुचित अर्थाने वापरलेला नाही. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो. साताऱ्याचा तो मुलगा, ज्याला न्हाव्याने नाकारले होते, तो दिल्लीत उभा राहून देशातल्या प्रत्येक सलूनची खुर्ची आपल्या लेकरांसाठी मोकळी करीत होता. पुढे १९५५ चा कायदा आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा त्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्यासाठी १ ते ६ महिने कैद व दंड आहे. २०१५ साली ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात बळजबरीने मुंडण करणे, मिशा काढणे ही कृत्ये स्पष्ट शब्दांत आली. आजही एखाद्या गावात सलूनवाल्याने नकार दिल्याची बातमी अधूनमधून येते. अशा वेळी घरी येऊन मुकाट्याने कात्री हाती घेऊ नका. ठाण्यात जा. ती खुर्ची आपल्या हक्काची आहे.

मग आमच्या लेकीने ती हक्काची खुर्ची का सोडली? संध्याकाळी तिने आजीला उत्तर दिले. ती शहरातल्या एका पार्लरमध्ये गेली होती. तिथे जात कोणी विचारली नाही. पण खुर्चीत बसल्याबरोबर पहिले वाक्य ऐकू आले, "मॅडम, केस फारच खराब आहेत. स्मूथनिंग करून घ्या." पाठोपाठ काही हजारांचा आकडा सांगण्यात आला. तिने नकार दिला. तेव्हा केस ओले करून, ताणून, पाठीवर सरळ रेषेत कापले गेले. घरी येईपर्यंत ते वाळून कानापर्यंत चढले. "आजी, मला कोणी अडवलं नाही," ती म्हणाली, "पण माझे केस जसे आहेत तसे कोणाला नकोच होते."

वाचकहो, केसांना जात नसते. कुरळे केस सर्व जातीधर्मांत आहेत. पण सरळ, रेशमी केस म्हणजे सौंदर्य आणि कुरळे केस म्हणजे झिंज्या, हे ठरवले कोणी? गोरा रंग म्हणजे रूप, हे ज्यांनी ठरवले त्यांनीच. बाजार आधी न्यूनगंड विकतो, मग त्याच्यावरचे औषध विकतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘तुमच्यात काहीतरी कमी आहे’ असे ऐकवले गेले, त्यांच्या मुलींच्या गळ्यात हा माल लवकर पडतो. केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड वायू निघतो. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच काढला आहे.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हे दुखणे आपल्या आधी ओळखले. गुलामगिरीने त्यांना स्वतःच्या केसांची लाज शिकवली होती. १९६० च्या दशकात त्यांच्या तरुणांनी ते केस मुद्दाम नैसर्गिक वाढवले आणि लाजेची खूण अभिमानाची केली. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्यांच्या छायाचित्रांतले ते गोल, भरगच्च केस आठवा. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने तर नैसर्गिक केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास कायद्यानेच बंदी घातली.

आता लेकीने केस कापले कसे, हेही सांगितले पाहिजे. कारण आमच्या वडिलांची चूक आम्हाला तिच्याकडून कळली. कुरळा केस मुळापाशीच वाकडा उगवतो. ओला केला की ताणला जातो आणि वाळला की आखडतो. म्हणून ओल्यात बोटभर कापले तर वाळल्यावर दोन बोटे गेल्यासारखे दिसते. हेच घमेल्यावरच्या पायऱ्यांचे रहस्य! कुरळे केस कोरडे असताना, त्यांच्या मूळ वळणात पडलेले असताना कापावेत. आदल्या दिवशी धुवावेत, तेल लावू नये. गुंता ओल्या केसांतच बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने सोडवावा. कोरड्या केसांत बारीक फणी घातली की बटा मोडतात.

कात्री केसांचीच आणि धारदार हवी. कापडाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने केस चिरडतो आणि त्याला पुन्हा फाटे फुटतात. पुढे, मागे आणि दोन बाजू असे चार भाग करून चिमटे लावावेत. एकेक बट हातात घ्यावी, न ताणता, आणि तिच्या शेवटच्या वळणापाशी अर्धा इंचच कापावे. अधिक कापण्याचा मोह आवरावा. कापलेला केस परत चिकटत नाही आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो. कपाळावरच्या बटा थोड्या लांबच ठेवाव्यात, त्या सर्वांत आधी वर चढतात. सगळे केस मुठीत धरून एकदम कापू नयेत. मागची बाजू दोन आरशांत पाहावी किंवा घरातल्या कोणाला तरी दाखवावी. सरळ रेषेचा आग्रह तर सोडूनच द्यावा. कुरळ्या केसांत प्रत्येक बटेचे वळण वेगळे असते. टाळूचे तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून टोके आधी कोरडी पडतात. तीन-चार महिन्यांनी तेवढी छाटली की पुरे.

हा गुंता सोडवण्याची गोष्ट वरवरची समजू नका. आपल्याच वस्त्यांत गुंत्याने केवढा घात केला आहे! दाट केस न विंचरता, न धुता राहिले की त्यांची जट होते. एवढे साधे कारण. पण पोरीच्या डोक्यात जट दिसली की ‘यल्लम्माचे बोलावणे आले’ म्हणून भंडारा लावला जाई आणि तिला देवीला सोडली जाई. यात मुली कोणाच्या होत्या? बहुतांशी आपल्याच, महार-मांगांच्या. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना हे लाजिरवाणे जिणे सोडण्याचे कळकळीने आवाहन केले होते. देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ साली आणि पुन्हा २००५ साली कायदे झाले. तरीही जटेच्या ओझ्याने मान दुखणाऱ्या, उवांनी आणि जखमांनी हैराण झालेल्या स्त्रिया अजून भेटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यांची समजूत घालून जट कापतात तेव्हा कोपत कोणी नाही. एक बाई मोकळी मान हलवते, एवढेच घडते. तुमच्या शेजारी अशी कोणी असेल तर तिच्याशी बोला, तिची भीती घालवा. मात्र कात्री तिच्या संमतीनेच चालवा.

आता पुन्हा आईच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या पिढीने घरी केस कापले ते दार बंद होते म्हणून. आमची लेक घरी केस कापते ती दार उघडे असताना, स्वतःच्या मर्जीने. कात्री तीच, कुरळे केसही तेच. फरक निर्णय कोणाचा, एवढाच. हा फरक बाबासाहेबांनी मिळवून दिला आहे. सलूनच्या खुर्चीवर बसायचे की घरच्या आरशापुढे, केस सरळ करायचे की कुरळेच मिरवायचे, हे आपल्या मुलींनी स्वतः ठरवावे. फक्त लाजेपोटी काही करू नये, एवढीच आमची विनंती.

लेकीचे उत्तर ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग तिने डोईवरचा पदर मागे घेतला. पांढऱ्या झालेल्या, पण अजूनही वळणदार बटा मोकळ्या केल्या आणि म्हणाली, "बस हितं. माझी बी टोकं जरा नीट कर. पर पाणी नको लावू."