आजोबांचं खिशातलं घड्याळ मनगटावर घालायचंय? आधी गुंडी कुठे आहे ते पाहा

घरात आजोबांचं साखळीचं घड्याळ बंद पडलंय? चांदीच्या भावात मोडीत देऊ नका. आतलं मशीन साफ, दुरुस्त करून नव्या डबीत बसवलं की मनगटी घड्याळ तयार होतं.

मात्र आधी चावी द्यायची गुंडी पाहा. झाकणाच्या घड्याळात ती बहुधा ३ जवळ असते. जुनी डायल तशीच चालते. बिनझाकणाच्या घड्याळात ती १२ वर असते. गुंडी उजवीकडे घेतली की आकडे आडवे होतात, म्हणून डायल बदलावी लागते.

जुन्या मशीनला धक्का सोसत नाही. ट्रॅक्टरवर घातलं तर चक्राच्या दांड्याचं केसाएवढं टोक मोडू शकतं. पाण्यापासूनही जपा.

काढलेली जुनी डबी, डायल कारागिराकडून परत घ्यायला विसरू नका.