गिअरपेटीचें तेल

नांदेडहून देगलूरकडे जातांना नायगांव लागतें. वैशाखांत तेथें पारा ४० अंशांपलीकडे जातो. साध्या मोटारीची गिअरपेटीही तापते. मग शर्यतीच्या धांवपट्टीवरील गाडीची काय कथा! तेल तापून पातळ झालें, त्याचा थर तुटला, कीं दांता दांत्यास झिजवतो. यास्तव ‘७५डब्ल्यू-९०’ सारखें कृत्रिम तेल बरें. परंतु अंकाहून जात महत्त्वाची. जीएल-५ मुख्यतः मागील आंसाच्या दांत्यांसाठीं. त्यांतील कांहीं गंधकयुक्त द्रव्यें पितळी सिंक्रो-कड्यांस बाधतात. कारखान्यानें जीएल-४ सांगितलें असल्यास तेंच घालावें. अधिक तेल ओतणें हा भाबडा उपाय. दांते तें घुसळतात, फेंस येतो, उष्णता उलट वाढते! खरा उपाय म्हणजे पंप व वाऱ्याच्या झोतांत बसविलेला शीतक. तत्पूर्वीं तापमापक बसवावा; तेल सुमारें १२० अंशांखालीं राहत असल्यास तो खर्च नको.