विमानप्रवाशांचे हक्क

विमानाचे उड्डाण रद्द झाल्यास, त्यास विलंब झाल्यास किंवा आरक्षण असूनही प्रवेश नाकारला गेल्यास प्रवाशाला विमान कंपनीविरुद्ध प्राप्त होणारे कायदेशीर हक्क. त्यांचे दोन प्रकार पडतात : खोळंब्याच्या काळात अन्न, निवास, पर्यायी प्रवास वा भाडेपरतावा मिळण्याचा हक्क आणि रोख भरपाईचा हक्क. पहिला सामान्यतः खोळंब्याच्या कारणावर अवलंबून नसतो. दुसरा मात्र बहुतांशी कारणावरच ठरतो.

आंतरराष्ट्रीय करार : १९२९ च्या वॉर्सा कराराने विलंबजन्य नुकसानीचे दायित्व वाहकावर टाकले. नुकसान टाळण्याचे आवश्यक ते सर्व उपाय योजल्याचे सिद्ध केल्यास वाहकाची त्यातून सुटका होई. १९९९ च्या माँट्रिऑल कराराने हेच तत्त्व पुढे चालविले. भारत २००९ मध्ये या करारात सहभागी झाला. त्यातील विलंबाच्या दायित्वाची प्रतिप्रवासी कमाल मर्यादा प्रारंभी ४,१५० विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) एवढी होती. २८ डिसेंबर २०२४ पासून ती ६,३०३ झाली. मात्र ही केवळ मर्यादा होय. प्रत्यक्ष नुकसान प्रवाशालाच सिद्ध करावे लागते. त्यामुळे लहान रकमेसाठी न्यायालयात जाणे सहसा परवडत नाही.

यूरोपीय संघ : ही अडचण दूर करण्यासाठी संघाने २००४ मध्ये केलेला नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला. त्याने नुकसानीच्या पुराव्याऐवजी अंतरानुसार ठराविक भरपाई निश्चित केली : १,५०० किमी. पर्यंत २५० यूरो, संघाबाहेरील ३,५०० किमी. हून अधिक अंतरास ६०० व इतर प्रवासास ४०० यूरो. उड्डाण रद्द झाल्याची सूचना १४ दिवस आधी दिल्यास किंवा असाधारण परिस्थिती उद्‌भवल्यास ही भरपाई देय नसते. संघाच्या न्यायालयाने २००८ मध्ये विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण नव्हे, असे ठरविले. २००९ मध्ये तीन तास वा अधिक उशिरा पोहोचणाऱ्यांनाही भरपाईचा हक्क दिला. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानवाहतूक ठप्प झाली. अशा वेळी भरपाई देय नसली, तरी प्रवाशांच्या अन्न-निवासाची जबाबदारी टळत नाही, असा निर्णय २०१३ मध्ये झाला.

संघातून निघणाऱ्या सर्व विमानांना हा नियम लागू होतो; बाहेरून येणाऱ्यांपैकी मात्र फक्त यूरोपीय कंपन्यांच्या विमानांना. म्हणून मुंबईहून पॅरिसला भारतीय कंपनीच्या विमानाने जाणाऱ्यास त्याचा लाभ मिळत नाही, परतीच्या प्रवासात मात्र मिळतो.

भारत : नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये यासंबंधी नियम केले व २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढविल्या. त्यांनुसार वेळेवर सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास नियोजित उड्डाणकालानुसार ५,०००, ७,५०० वा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन-आकार यांची बेरीज, यांपैकी कमी असेल ती रक्कम देय ठरली. प्रवेश नाकारल्यास भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये झाली. केवळ विलंबाबद्दल या नियमांत रोख भरपाई नाही. अल्पोपाहार, भोजन, पर्यायी उड्डाण वा परतावा आणि दीर्घ विलंबात निवास यांचीच तरतूद आहे. कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थितीत भरपाई देय नसते. धुक्यामुळे झालेल्या विलंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वस्त भाड्याच्या कंपन्यांनाही प्रवाशांना किमान सुविधा देणे चुकत नाही, असे स्पष्ट केले. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

या हक्कांचे व्यावहारिक मूल्य मुख्यतः खोळंब्याच्या कारणावर ठरते आणि ते कारण प्रवाशाला नव्हे, तर कंपनीला ठाऊक असते. म्हणूनच असाधारण परिस्थिती सिद्ध करण्याचा भार यूरोपीय नियमाने कंपनीवर टाकला आहे. प्रवाशानेही खोळंब्याचे कारण कंपनीकडून लेखी मागून घेणे आणि तिकीट व खर्चाच्या पावत्या जपून ठेवणे हितावह ठरते.