छताच्या कैचीची जुळणी व उचल

वेरूळच्या १० व्या लेण्यास लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. त्याच्या कमानदार छतावर लाकडी फासळ्यांची हुबेहूब नक्कल दगडात कोरलेली आहे. परंतु त्या फासळ्या कसलाही भार वाहत नाहीत. डोंगर वरून खाली कोरत नेल्यामुळे काही जोडण्याचा अथवा उचलण्याचा प्रश्न त्या कारागिरांपुढे नव्हता. आज त्याच परिसरात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत, पोलादी छपरे उभारताना मात्र हाच प्रश्न मुख्य ठरतो.

‘कैची’ हा शब्द मूळचा तुर्की, अर्थ कात्री. छपराचे दोन तिरपे दांडे कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकत्र येतात, यावरून ही संज्ञा रूढ झाली. हे दांडे बाहेर फाकू नयेत म्हणून खालचा आडवा दांडा त्यांना बांधून ठेवतो. कैची खांबांवर बसली, की वरच्या दांड्यांवर दाब येतो व खालच्यावर ताण.

कैची जमिनीवर जुळविण्याचे लाभ उघड आहेत. सपाट जागेवर पूर्ण मापाची आकृती आखून, ठोकळ्यांवर अँगल मांडून सांधे पक्के करता येतात. वितळलेला धातू ओघळत नसल्याने वेल्डिंग निर्दोष होते, मापे तपासता येतात आणि कामगारास उंचीवर थोडाच वेळ राहावे लागते.

परंतु यामुळे धोका नाहीसा होत नाही; तो उचलण्याच्या क्षणी एकवटतो. कैची केवळ आपल्या उभ्या पातळीत ताठ असते. आडवी असताना ती उचलू लागताच स्वतःच्याच वजनाने बाजूला वाकते. शिवाय शिखराजवळ एकाच ठिकाणी साखळी अडकविली, तर दोन्ही टोके लोंबतात आणि ताणासाठी योजलेल्या खालच्या सडपातळ दांड्यावर दाब येऊन तो मुडपतो. म्हणून तो तात्पुरत्या बल्ल्या बांधून बळकट करावा लागतो व कैची सांध्यांशीच, दोन ठिकाणी धरावी लागते.

साखळीचा कोनही महत्त्वाचा आहे. २ टनांची कैची दोन समान साखळ्यांनी उचलताना, त्या आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करीत असल्यास प्रत्येकीवर सुमारे १.१५ टन ताण येतो. कोन ३० अंशांवर आल्यास तोच २ टन होतो. वजन तेच, साखळी तीच; केवळ कोन बदलला.

खांबावर टेकलेली पहिली कैची ही सर्वांत फसवी अवस्था होय. ती पूर्ण झालेली दिसते. पण वळवाच्या एका झोताने आडवी होऊ शकते. दोन्ही बाजूंनी ताणदोर बांधल्यावाचून क्रेनचा आकडा सोडू नये. दुसरी कैची उभी राहून पर्लिन व तिरपे बंध दोघींना जोडतात, तेव्हाच त्या परस्परांस सावरतात. तात्पर्य, कैचीची गणिते केवळ तिच्या अंतिम स्थितीसाठी करून भागत नाही; जमिनीपासून खांबापर्यंतच्या प्रत्येक अवस्थेसाठी ती करावी लागतात, कारण त्या प्रत्येक अवस्थेत तिच्याजवळ माणसे उभी असतात.